स्वरतंतूचा शेअर

श्रीरंग बेलसरे काहीतरी बोलणार आहेत, हे घरात सगळ्यांना आधी कळायचं. ते जेवता जेवता हात थांबवत, हनुवटी किंचित वर करत, आणि गळ्याभोवतीच्या राखाडी पट्टीवर हिरवा ठिपका उजळे. मग त्यांच्या पत्नी शैलजाबाई हातातली पळी तशीच धरून उभ्या राहत.

"आमटीत," पट्टीतून आवाज आला. आवाज श्रीरंगरावांचाच, थोडा खरखरीत, कॉलरला लावलेल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून आलेला. दीड सेकंद गेला. "मीठ." आणखी दीड सेकंद. "जास्त."

"एवढ्यासाठी पळी धरून उभी राहिले मी," शैलजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या वाटीत थोडं कढत पाणी ओतलं.

चारुता हसली. ती पुण्याहून सकाळच्या गाडीने मिरजेला आली होती. घरातली ही थांबायची सवय तिला आता विचित्र वाटत नसे. चार वर्षांपूर्वी कर्करोगामुळे वडिलांचं स्वरयंत्र काढावं लागलं. नंतरचे आठ महिने त्यांनी पाटीवर लिहून काढले. मग मिरजेतच तयार होणारी 'स्वरतंतू' कंपनीची कंठपट्टी त्यांच्या गळ्यात आली. माणसाने आवाज न काढता नुसतं बोलल्यासारखं केलं, तरी मेंदू गळ्याच्या आणि हनुवटीखालच्या स्नायूंना हुकूम पाठवतच असतो. पट्टी त्या स्नायूंतले क्षीण विद्युतप्रवाह टिपून शब्द ओळखते आणि म्हणून दाखवते. आवाज माणसाचा स्वतःचाच असावा म्हणून कंपनीने जुनी ध्वनिमुद्रणं मागितली, तेव्हा मोठीच पंचाईत झाली होती. फोनवरचे श्रीरंगरावांचे सगळे निरोप 'पोचलो', 'जेवलो', 'निघतोय' एवढेच होते. शेवटी चारुताच्या लग्नाच्या चित्रफितीत ते जेवणाच्या कंत्राटदाराला अकरा मिनिटं झापत होते, ते सापडलं आणि काम झालं. त्यामुळे त्यांचा नवा आवाज कायम कुणावर तरी वैतागलेला असतो, असं शैलजाबाईंचं म्हणणं होतं.

चारुता या खेपेला कामासाठी आली होती. पुण्यातल्या एका म्युच्युअल फंडात ती विश्लेषक होती आणि फंडाकडे स्वरतंतूचे नऊ टक्के शेअर होते. तीन वर्षांत भाव सहाशे चाळीसवरून दोनशे दहावर आला होता. ऑफिसच्या सल्लागार यंत्राने 'विका' असं केव्हाच सांगून टाकलं होतं. पण फंडाचा एक नियम होता. ओळीने बारा तिमाही बाजाराच्या मागे पडलेला शेअर विकण्याआधी एका माणसाने स्वतः तपास करून एक पान लिहायचं, ठेवावा की विकावा. ते पान चारुताच्या वाट्याला आलं.

"माझे वडील ती पट्टी वापरतात. त्यांच्याकडे तीनशे शेअरही आहेत," ती प्रमुखांना, देविका नाडकर्णींना, म्हणाली होती. "हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

"पहिल्या ओळीत ते लिही आणि मग बाकीचं लिही," देविका म्हणाली होती. "ती पट्टी रोज बघणारं आपल्याकडे दुसरं कोणी नाही."

जेवणं झाल्यावर चारुताने वडिलांना हे सांगितलं. श्रीरंगराव रेल्वेत सिग्नल निरीक्षक होते. फोनवर आलेला निरोप शब्द न शब्द परत म्हणून दाखवल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही, अशा नोकरीत त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. शेअरचा नाद त्यांना तेव्हापासूनचा. चारुता कॉलेजात असताना कंपनीचा वार्षिक अहवाल शेवटच्या टिपांपासून वाचायला त्यांनीच शिकवलं होतं.

"माझा गळा. बाजूला ठेव," ते म्हणाले. "मशीन आवडलं म्हणून. शेअर ठेवायचा नसतो. पडला म्हणून. विकायचाही नसतो. का पडला. ते बघ."

एवढं बोलायला त्यांना पाऊण मिनिट लागलं.

शेअर का पडला हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. 'सहजवाणी' नावाची दुसरी कंपनी आली होती. तिची पट्टीसुद्धा स्नायूंतून बोलणं वाचायची, पण पूर्ण वाक्यासाठी थांबायची नाही. पहिली एकदोन अक्षरं कळली, की समोर कोण आहे, वेळ कुठली आहे, हा माणूस एरवी काय बोलतो, एवढ्यावरून पुढचं सगळं ओळखून ती ते एका दमात बोलून टाकायची. सहजवाणीचा शेअर तीन वर्षांत पाचपट झाला होता.

सोमवारी चारुता औद्योगिक वसाहतीतल्या स्वरतंतूच्या कारखान्यात गेली. संस्थापक रेहाना तांबोळी पन्नाशीच्या होत्या. पूर्वी त्यांनी रुग्णालयांत कान-नाक-घशाच्या यंत्रांची दुरुस्ती केली होती आणि अजूनही त्यांच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर असायचा.

"तुम्हाला ओळखून बोलणारी पट्टी का जमली नाही?" चारुताने सरळच विचारलं.

रेहानांनी कपाट उघडून एक जुनी पट्टी काढली आणि स्वतःच्या गळ्याला लावली. "ही सहा वर्षांपूर्वीची. सहजवाणीच्या आधीची. मला विचारा, बरं आहे का?"

"बरं आहे का?"

रेहानांचे ओठ आवाज न करता हलले. "बरं आहे, एकदम छान," पट्टी लगेच म्हणाली.

रेहानांनी ती काढून टेबलावर ठेवली. "मी म्हणत होते, बरगडीत दुखतंय. पण 'बर'पर्यंत आलं, की शंभरातली नव्वद माणसं पुढे काय म्हणतात हे हिला ठाऊक आहे."

"पण चुकलं तर माणूस दुरुस्त करेल ना?"

"आम्हालाही तसंच वाटलं होतं. दोनशे जणांवर चाचणी घेतली. शंभरात ऐंशी वेळा पट्टीचं बरोबर यायचं. उरलेल्या वीसांत पंधरा वेळा माणसं चूक तशीच सोडून द्यायची. थांबवायला बटण होतं, मान हलवली तरी चालत होतं. तरी सोडून द्यायची."

"का?"

"ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही," रेहाना म्हणाल्या. "म्हणून कपाटात ठेवली. गुंतवणूकदार मला यासाठी बोल लावतात आणि त्यांचं चुकतं असंही नाही. तुम्ही त्यांची पट्टी आठवडाभर वडिलांना लावून बघा. मग काय वाटेल ते लिहा. मी रागावणार नाही."

परत येताना रिक्षात चारुताने स्वरतंतूचा वार्षिक अहवाल टिपांपासून वाचायला घेतला. सत्ताविसाव्या टिपेत तिला एक बारीक नोंद सापडली. कोर्ट, नोंदणी कार्यालयं आणि रुग्णालयं यांना 'शब्दशः' प्रमाणपत्रासह विकलेल्या पट्ट्या. आकडा लहान होता, पण दरवर्षी दुप्पट होत होता. मृत्युपत्र करणाऱ्याचं किंवा साक्ष देणाऱ्याचं बोलणं त्याचंच आहे, अशी खात्री देणारी पट्टी बाजारात एवढी एकच होती. तिने टिपेखाली रेघ मारली. पण तेवढ्यावर शेअर ठेवा म्हणावं, इतका तो आकडा मोठा नव्हता.

बुधवारी सहजवाणीची दहा दिवसांच्या चाचणीची पट्टी घरी आली. श्रीरंगरावांनी ती लावून घेतली. तपास करायचा तर दोन्ही बाजूंनी करावा, असं त्यांचं मत होतं. फोनमधले जुने निरोप, पत्रं, घरच्यांची नावं असं सगळं पट्टीने तासाभरात वाचून घेतलं.

दुपारी जेवताना त्यांनी हात थांबवला, हनुवटी वर केली. शैलजाबाई पळी धरून थांबल्या.

"आमटी आज अगदी मनासारखी झालीय," पट्टी एका दमात म्हणाली. मग थोडं थांबून एकच शब्द आला. "शैला."

शैलजाबाई खाली बसल्या. एकेचाळीस वर्षांत त्यांना 'अगं' सोडून दुसरं नाव नव्हतं. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि नवऱ्याला आणखी आमटी वाढली.

पुढचे चार दिवस घर ओळखू येईना. श्रीरंगराव कुरियरवाल्याशी गप्पा मारत होते. शेजारच्या जोशीणबाईंच्या नातवाला दहावीत बरे गुण मिळाले, त्याचं त्यांनी कौतुक केलं. गडहिंग्लजच्या बहिणीला दोन वर्षांनी फोन लावून पंचवीस मिनिटं बोलले. ती फोनवर रडली. शैलजाबाईंनी ठेवणीतली साडी नेसून त्यांना संध्याकाळी तळ्यापर्यंत फिरायला नेलं आणि वाटेत भेटेल त्याला उभं करून "बोला ना यांच्याशी" असं सांगितलं. चारुता खोलीत बसून हे ऐकत होती. पाटी घेऊन खिडकीशी बसलेले वडील तिला आठवत होते. तिने पानाचा कच्चा मसुदा काढला आणि 'विकावा'च्या बाजूला तीन कारणं लिहिली. तिसरं लिहिताना तिला मनापासून आनंद झाला होता.

सोमवारी डॉक्टर मगदूमांकडे नेहमीची तपासणी होती. मानेच्या स्कॅनमध्ये एक बारीक सावली दिसत होती.

"काही असेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण सहा आठवडे किरणोपचार घेऊन टाकलेले बरे. या गुरुवारपासून सुरू करायचे का?"

नव्या पट्टीवरचा ठिपका उजळला.

"करूया डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

डॉक्टर प्रसन्न हसले आणि तारीख लिहू लागले. शैलजाबाईंनीही हसून मान डोलावली. चारुता मात्र वडिलांकडे बघत होती. वाक्य संपलं तरी त्यांचे ओठ हलतच होते. मग ते थांबले आणि हळूच मिटले.

शैलजाबाई औषधं आणायला गेल्या. चारुता वडिलांना घेऊन बाहेरच्या बाकावर बसली.

"बाबा, तुम्ही हेच म्हणत होता?"

श्रीरंगरावांनी सहजवाणीची पट्टी काढली. शर्टाच्या खिशातून जुनी राखाडी पट्टी काढून गळ्याला लावली. ती रोज त्यांच्या खिशात असते हे चारुताला ठाऊक नव्हतं.

"मी विचारत होतो," ते म्हणाले. "कशासाठी."

"मग थांबवलं का नाही? नुसती मान हलवायची होती."

ते बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. चारुता थांबली.

"ते वाक्य," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा. चांगलं होतं."

चारुता त्यांच्याकडे वळून बसली.

"डॉक्टर हसले. तुझी आई हसली. मी विचारलं असतं. तर कोणी. हसलं नसतं." मग त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "चार दिवस. असंच चाललंय. मी सुरू करतो. तो संपवतो. आणि सगळ्यांना. तो आवडतो."

रेहानांना सहा वर्षं न कळलेलं उत्तर रुग्णालयातल्या त्या बाकावर मिळालं होतं. त्याचं चारुताला मुळीच समाधान वाटलं नाही. चार दिवस आपण वडिलांवर खूश होतो की आणखी कुणावर, हेच तिला कळेना. ती उठली, वडिलांना हाताला धरून परत डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, "डॉक्टर, बाबांना काही विचारायचंय. त्याला जरा वेळ लागेल."

मगदूमांनी घड्याळ बघितलं. मग पेन खाली ठेवलं.

"कशासाठी," श्रीरंगरावांनी विचारलं. मग आणखी तीन प्रश्न विचारले. सावली जुन्या जखमेच्या व्रणाची असू शकते का? दोन महिने थांबलं तर काय बिघडेल? किरणांनी गिळायला त्रास होईल का? एकेका प्रश्नाला सात-आठ सेकंद लागत होते आणि बाहेरचे रुग्ण दारातून डोकावत होते. डॉक्टरांनी प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. थांबणंही चुकीचं नाही, असं ते शेवटी म्हणाले. श्रीरंगरावांनी दोन महिने थांबायचं ठरवलं.

घरी आल्यावर शैलजाबाईंना सगळं सांगावं लागलं. त्या ऐकत होत्या आणि भाजीची जुडी सोडवत होत्या. मग त्यांचे हात थांबले.

"म्हणजे ती आमटी," त्या म्हणाल्या.

चारुताने मध्ये बोलायला तोंड उघडलं, पण वडिलांच्या पट्टीवरचा ठिपका लागला होता.

"मीठ," ते म्हणाले. "तेव्हाही. जास्तच होतं."

शैलजाबाई पुन्हा भाजी निवडायला लागल्या, जरा जोरातच. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मनासारखी. हे त्याचं," श्रीरंगराव म्हणाले. मग बराच वेळ काहीच आलं नाही. हनुवटी वर होती, ओठ दोनदा हलून थांबले. "शैला. हे माझं."

शैलजाबाईंनी मान वर केली नाही. पण थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मग तेवढंच म्हणायचं होतं. आमटीपर्यंत कशाला जायला हवं होतं?" आणि उठून चहा टाकायला गेल्या.

सहजवाणीची पट्टी परत गेली. गडहिंग्लजच्या आत्याचा फोन आला, तेव्हा श्रीरंगरावांच्या पहिल्या तीन शब्दांनंतर तिने विचारलं, "दादा, परत बरं नाहीये का?" तिला समजावता समजावता शैलजाबाईंच्या नाकी नऊ आले. पुढच्या वेळी तिने फोन लवकर ठेवला.

पुण्याला परतल्यावर चारुता पान लिहायला बसली. पहिल्या ओळीत वडील आणि त्यांचे तीनशे शेअर आले. मग विक्री, नफा, सहजवाणीची झेप हे सगळं तिने काही न लपवता मांडलं. सत्ताविसाव्या टिपेतला आकडा मांडला. वाक्य पूर्ण करून देणारी पट्टी जितकी पसरेल, तितकी 'हे शब्द माझेच आहेत' असं सिद्ध करायची गरज वाढेल आणि ते करून देणारी कंपनी आज एकच आहे, असं लिहिलं. शेवटी तिने टाईप केलं, 'सबब हा शेअर'. तशी पुढची अक्षरं पडद्यावर फिकट रंगात आपोआप उमटली, 'विकून ती रक्कम अधिक गतिमान पर्यायांत गुंतवावी, अशी शिफारस आहे.'

ऑफिसच्या लेखन-साहाय्यकाची ही रोजचीच मदत होती. वाक्य नेटकं होतं. कुणाला खटकलं नसतं. ते स्वीकारायला एक बोट पुरलं असतं आणि एरवी दिवसातून शंभरदा ती ते बोट टेकवत असे. गेल्या वर्षभरात लिहिलेल्या अहवालांतलं आपलं किती आणि पडद्याचं किती, हे आठवायचा तिने प्रयत्न केला. ते तिला सांगता आलं नाही. फिकट अक्षरं पुसून तिने एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'ठेवावा'. आणि खाली एक ओळ जोडली. 'या शेअरला खरी जोखीम सहजवाणीची नाही. बोलणाऱ्यासमोर बसलेला माणूस सात सेकंद थांबेल की नाही, याची आहे.'

फंडाच्या समितीत तासभर वाद झाला. निम्मे शेअर विकून निम्मे ठेवायचं ठरलं.

दोन महिन्यांनी सावली केसभर वाढलेली निघाली. श्रीरंगरावांनी या खेपेला स्वतःच उपचारांना होकार दिला. "मग मधले दोन महिने कशाला घालवले?" असं शैलजाबाई चारुताला फोनवर म्हणाल्या. एवढ्याने फरक पडत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेच चारुताने आईला सांगितलं. त्याहून जास्त काही तिच्याकडे नव्हतं. उपचारांनी गळा सुजला, स्नायूंचे प्रवाह मंदावले आणि पट्टीला एकेका शब्दाला तीन-तीन सेकंद लागायला लागले. रेहाना स्वतः दोनदा घरी येऊन पट्टी जुळवून गेल्या. शैलजाबाईंनी समोर खुर्ची आणून ठेवली होती. उभं राहून पाय दुखतात, असं त्या म्हणत.

तिमाही संपली तेव्हा स्वरतंतूचा भाव एकशे अठ्ठ्याण्णव होता. देविका चारुताचं पान हातात घेऊन तिच्या टेबलाशी आली.

"कोर्टांची मागणी वाढतेय, ते तू बरोबर हेरलंस," ती म्हणाली. "पण तुझी शेवटची ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. आत्ताच कोणी थांबत नाही. दहा वर्षांनी एका वाक्यासाठी सात सेकंद कोण थांबणार आहे?"

चारुताने बोलायला सुरुवात केली आणि थांबली. तिच्याकडे तयार उत्तरं दोन-तीन होती, पण त्यातलं एकही तिला आपलं वाटेना. शेजारी कुणाचा तरी फोन वाजून बंद झाला. देविकाची पुढची बैठक सुरू होऊन दोन मिनिटं झाली होती. तिने एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग शेजारची खुर्ची ओढून ती बसली.

देविका थांबली होती. पण किती वेळ थांबेल?